रोखा कुणाच्या हातात, घाम कुणाचा?

काल टिळक रोडच्या आमच्या कट्ट्यावर चहा दोनदा झाला, तरी भांडण मिटलं नाही. विषय अमेरिकेचा. स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. शिपायांचा पगार थकलेला, म्हणून त्यांच्या हातात रोखे, म्हणजे पैसे नंतर देऊ असे सरकारी कागद, टेकवले. घरी बियाणं हवं, कर भरायचाय. अनेकांनी ते डॉलरमागे दहा-पंधरा सेंटांना विकून टाकले. पुढे १७९० साली अर्थमंत्री हॅमिल्टनने ठरवलं, आज रोखा ज्याच्याकडे आहे त्यालाच दर्शनी किंमत, म्हणजे रोख्यावर लिहिलेली पूर्ण रक्कम.

"बरोबरच आहे," सुहास म्हणाला. बँकेत जन्म काढलेला माणूस. "विकला म्हणजे विकला. कर्ज बुडवणाऱ्याला पुढच्या लढाईत कोण उभं करेल? आपल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला अखेरची नऊ कलमं लिहवली, त्यातही कर्ज फेडायचं कलम होतंच."

"मग शिपाई सावकार नव्हता का?" मंजिरी उसळली. "पगाराविना लढला, म्हणजे सरकारला उसनंच दिलं की त्याने! सरकारने थकवलं म्हणून त्याला विकावं लागलं."

मला तिचंच पटतं. तिथल्या प्रतिनिधिगृहातला सदस्य मॅडिसनही हेच म्हणत होता: सध्याच्या धारकाला बाजारातला चढा भाव द्या, उरलेलं मूळ मालकाला. २२ फेब्रुवारी १७९० ला ते ३६ विरुद्ध १३ मतांनी पडलं.

"मूळ मालक शोधणार कसा?" सुहास.

इथे बापूकाका बोलले. उभी नोकरी लष्करी हिशेबात गेलेली. "रसदीच्या पावत्यांचं सोड, तिथे गोंधळ असतोच. पण पगाराला नाव लागतं रे. त्यांच्या पियर्स नावाच्या पेमास्टरने माणसागणिक हिशेब करून रोखे काढले होते."

"माणूस मेला असला तर?"

"वारस शोधायचा. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. वेळ लागतो, पण खातं बंद करायचं नाही."

सुहास तरी हटेना. हिशेब अचूक होणं शक्यच नाही, म्हणाला. तेव्हा मंजिरीने राज्यांचं काढलं. युद्धखर्चात कुणी जास्त घातलं, कुणी कमी, याचा निवाडा आयुक्तांनी १७९३ मध्ये दिला. येणं निघालेल्या राज्यांना केंद्राने रोखे दिले. देणं निघालेल्या राज्यांकडून वसुली मात्र जवळजवळ झालीच नाही.

"राज्यांना सोडून द्यायला जमलं ना?" ती म्हणाली. "मग शिपायापाशीच नियम का आठवला?"

सुहास बराच वेळ रिकामा ग्लास फिरवत बसला. "हे राज्यांचं मला माहीत नव्हतं," म्हणाला. "उद्या बोलू."