आजोबा पुसू नयेत

बॅकअप नव्हता म्हणून कपाळावर हात मारणारी माणसे पुष्कळ भेटतात. माझे दुःख निराळे होते, कारण माझ्याकडे अकरा बॅकअप होते. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या आषाढात, नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातील संगणकाची हार्ड डिस्क दोन दिवस कटकट करून गतप्राण झाली, तेव्हा मी मोठ्या ऐटीत कपाटातून बाहेरची डिस्क काढून जोडली. पडद्यावर ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवा’, ‘बॅकअप नवा 2’, ‘अंतिम’, ‘अंतिम खरा’, ‘दिवाळीनंतरचा’ आणि ‘हा पुसू नये’ अशा झिप फायली ओळीने उभ्या राहिल्या. कोणत्या दिवाळीनंतरचा, हे त्या फायलीला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. बदलाची तारीख पाहावी, तर मध्यंतरी सगळा पसारा क्लाउडवर चढवून पुन्हा उतरवल्यामुळे अकराही फायली एकाच दिवशी जन्मल्यासारख्या दिसत होत्या. त्या एकेक उघडून पाहण्यात माझे दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी मी नाव देण्याचा नियम करायला बसलो. प्रथम सरळ 20/07/2025 असे लिहिले, तर विंडोजने तिरकी रेघ नाकारली. निदान वेळ तरी घालावी म्हणून 10:30 लिहिले, तर विसर्गासारखे ते दोन ठिपकेही त्याला चालेनात. दिनांक आणि वेळ लिहिण्यासाठीच जन्माला आलेली ही दोन चिन्हे नेमकी विंडोजच्या नकारांच्या यादीत का असावीत, हा विचार मी बाजूला सारला आणि आडव्या रेघा वापरल्या. पण दिवस आधी लिहिल्याने नावांच्या क्रमात सगळ्या महिन्यांच्या 1 तारखा एकत्र येऊन बसल्या आणि जानेवारीच्या 2 तारखेला डिसेंबरच्या 1 तारखेमागे रांगेत उभे राहावे लागले. पत्नीने महिन्यांची मराठी नावे सुचवली. ती वर्णानुक्रमे लावताच आश्विन पहिला आला, आषाढ दुसरा, कार्तिक तिसरा आणि चैत्र चौथा. म्हणजे दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर आषाढी एकादशीचा उपवास आणि त्यानंतर केव्हातरी गुढीपाडवा. शिवाय 2023 साली श्रावण दोनदा आला होता, ते वेगळेच.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याने आजोबा, बाप आणि मुलगा अशी एक जुनी, मान्यवर पद्धत सांगितली: रोजचा बॅकअप मुलगा, आठवड्याचा बाप आणि महिन्याचा आजोबा. मी ती कागदावर उतरवत मोठ्याने म्हणत होतो, “मुलगा आठवड्याने पुसायचा, बाप महिन्याने पुसायचा, आजोबा मात्र वर्षभर ठेवायचे.” समोर लसूण सोलत बसलेल्या आईचा हात थांबला. “आजोबांना ठेवताय ते बरंच आहे,” ती म्हणाली, “पण पोरानं काय केलंय?”

पद्धत चांगली होती, पण ती कोणाला किती दिवस सांभाळायचे एवढेच सांगत होती. नावाचा घोळ तसाच राहिला. तो सुटला 10 ऑगस्टला, सत्यनारायणाच्या पूजेत, मी पाटावर हातात पळी घेऊन बसलेलो असताना. गुरुजींनी संकल्प सुरू केला: गोदावरीच्या दक्षिण तीरी, शालिवाहन शके, विश्वावसुनाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, श्रावण मास, कृष्ण पक्ष, प्रतिपदा, मग वार, मग यजमानाचे गोत्र व नाव, आणि अखेरीस कशासाठी हे चालले आहे ते. आजवर शेकडो वेळा ऐकलेला तो मजकूर ऐकता ऐकता माझ्या हातातले पाणी ताम्हनाऐवजी सोवळ्यावर सांडले. आधी ठिकाण, मग मोठ्या मापाकडून लहान मापाकडे उतरत गेलेला काळ, मग मालक, मग प्रयोजन! वर्ष, महिना, दिवस हाच क्रम 1988 साली आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाने जगाला नेमून दिला. त्या क्रमाने लिहिले की नावांची रांग आपोआप काळाची रांग होते. आणि आमचे गुरुजी मात्र तो घाईघाईने म्हणून प्रसादाकडे वळत होते.

भाच्याने संपूर्ण संकल्प नावात घालायला परवानगी दिली नाही, कारण विंडोजमध्ये फोल्डरांसकट सगळा पत्ता साधारणतः 260 अक्षरांत बसवावा लागतो. म्हणून आटोपशीर नाव ठरले: ‘दक्षिणतीर_2025-08-10_फोटो’. दुसरी प्रत पंचवटीत, ताईकडे असते. तिचे नाव अर्थातच ‘उत्तरतीर’ने सुरू होते. ताई तिसऱ्या मजल्यावर राहते, त्यामुळे पूर येऊन गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले तरी डिस्कची काळजी नाही.

हे सारे मी आईला पडद्यावर दाखवले. तिने चष्मा लावून नाव दोनदा वाचले आणि विचारले, “गोत्र कुठंय?”

आता फायलींची नावे ‘दक्षिणतीर_2025-08-10_काश्यप_फोटो’ अशी असतात.