हांगझोऊला मुक्काम कराच
चीनमधल्या हांगझोऊ शहरावरचा लेख आवडला, पण शांघायहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं, हा त्यातला सल्ला अजिबात पटला नाही. तिथल्या प्रसिद्ध पश्चिम सरोवरात नौकाफेरी झाली म्हणजे हांगझोऊ पाहून झालं असं नाही. सरोवरातल्या सू बांधावरून पायीच चालायला हवं. १०८९ साली कवी सू तोंगपो इथे अधिकारी म्हणून आला तेव्हा सरोवर गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरत चाललं होतं. त्याने ते उपसून घेतलं आणि त्याच गाळाचा जवळपास तीन किलोमीटरचा बांध घातला, सहा पुलांसकट! कविता आणि पाणी दोन्ही कळणारा असा प्रशासक विरळाच.

आणि लिंगयिन मंदिर लेखात कसं नाही? परंपरेनुसार चौथ्या शतकात हुइली या भारतीय भिक्षूने ते स्थापलं. समोरची टेकडी पाहून तो म्हणाला म्हणे, हा तर आपला गृध्रकूट (बुद्धांनी जिथे उपदेश केला तो राजगीरजवळचा डोंगर), इथे उडून आलाय! त्या टेकडीच्या कड्यांत आणि गुहांत शेकडो बौद्ध शिल्पं आहेत. पोट सुटलेल्या हसऱ्या मैत्रेयापुढून, म्हणजे भावी बुद्धाच्या मूर्तीपुढून, पाय निघत नाही. लोंगजिंग चहाचे मळेही जवळच.

फक्त ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, राष्ट्रीय सुट्टीमुळे प्रचंड गर्दी असते.