बर्फाला दोष देणं आता बंद करा राव

"तुमच्याकडे एवढा बर्फ पडतो, मग बेसबॉल कसा होणार?" हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर बोललं ना, तर मी खरंच भांडणार आहे. ऑफिसात ऐकतो, शेजाऱ्याकडून ऐकतो, बॉस्टनकडचे आपले मराठी लोक लाँग वीकेंडला लॉबस्टर खायला वर येतात ते पण हेच ऐकवून जातात. आणि बोलतात असं की जणू फार मोठा शोध लावलाय. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या या मेन राज्यात बर्फ पडतो! अरे हो, पडतो, मी इथेच राहतो, नोव्हेंबरपासून फावडं घेऊन ड्राइव्हवे मीच साफ करतो, मला सांगताय?

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी बँगोरच्या जवळ राहतो आणि पलीकडे ओरोनो म्हणून एक छोटं गाव आहे, पेनॉब्स्कॉट नदीच्या काठावर, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ मेन. अख्ख्या राज्याची लोकसंख्या 14 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी शहराएवढी. तर या ओरोनोची बेसबॉल टीम कॉलेज वर्ल्ड सिरीजला किती वेळा गेलीय? 7 वेळा. 1964 ला एकदा, मग 1976, मग 1981, 82, 83, 84 अशी सलग चार वर्षं, आणि परत 1986. कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणजे देशातल्या शेवटच्या आठ टीम, ओमाहाला, नेब्रास्कात. कॉलेज बेसबॉलवाल्यांची पंढरीच ती, दर जूनमध्ये सगळ्यांचे डोळे तिकडे. आणि ओरोनोची वारी 1986 नंतर जी चुकली ती चुकलीच.

आता मला सांगा, 1982 साली काय मेनमध्ये नारळाची झाडं होती? बर्फ तेव्हाही होता, उलट तेव्हा जास्त होता, हल्लीचे हिवाळे त्या मानाने मऊ झालेत, इथला कुठलाही म्हातारा सांगेल. तेव्हाची पोरं फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये फील्ड हाउसमध्ये, म्हणजे छपराखाली मातीच्या जमिनीवर, जाळ्या लावून प्रॅक्टिस करायची. जॉन विंकिन नावाचे कोच होते, त्याआधी वॉटरव्हिलला कोल्बी कॉलेजात वीस वर्षं शिकवलेले, 1975 च्या सीझनला ओरोनोत आले आणि पुढच्याच वर्षी टीम ओमाहाला. 11 वर्षांत 6 वेळा नेली त्या माणसाने. मोकळ्या मैदानाचं तोंड न बघता टीम थेट दक्षिणेत जाऊन, उन्हात वाढलेल्या पोरांसमोर उभी राहायची. आणि टिकायची.

बरं पोरं पण कुठली? बाहेरून उचलून आणलेली नाहीत. बिल स्विफ्ट साउथ पोर्टलंडचा, मेनचाच. सलग चार वर्षं ओमाहाला गेलेल्या टीममध्ये होता, 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, अख्ख्या देशात दुसऱ्या नंबरवर सिअॅटलने पिचर म्हणून घेतला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडून 1992 ला 2.08 चा इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगला पिचरने दिलेले रन, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि 1993 ला 21 विजय. माइक बॉर्डिक तर आमच्या इथल्या हॅम्पडनच्या शाळेतला, बँगोरला खेटून असलेलं गाव. त्याला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं पण नव्हतं, 1986 ला ओकलंडने असाच सही करून घेतला. तोच माणूस 2002 मध्ये बाल्टिमोरकडून शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, सलग 110 मॅचेस फील्डिंगमध्ये एकही एरर न करता खेळला. एकशे दहा! आणि जमिनीवरून येणारे बॉल उचलायला शिकला कुठे, तर याच बर्फातल्या राज्यात. आता बोला बर्फाबद्दल.

मग बिघडलं काय? पैसा आणि नियम, दुसरं काही नाही. पण ते बोलायला कोणाला नकोय, कारण बर्फाला दोष दिला की कोणाचाच दोष राहत नाही, सगळे मोकळे.

11.7 हा आकडा ऐकलाय कधी? डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, बेसबॉल टीमला वर्षानुवर्षं फक्त 11.7 स्कॉलरशिप देता यायच्या. साडेअकरा नाही, बारा नाही, अकरा पूर्णांक सात. हा पॉइंट सात कुठल्या टेबलावर बसून काढला देव जाणे. आणि मागच्या दशकात हे 11.7 जास्तीत जास्त 27 पोरांत वाटायचे, प्रत्येकाला किमान 25 टक्के. म्हणजे बहुतेकांचे आईबाप उरलेले पैसे खिशातून भरणार. वरवर वाटतं की चला, सगळ्यांना सारखाच नियम, लुईझियानालाही 11.7 आणि मेनलाही 11.7, यात अन्याय कसला. इथेच तर गंमत आहे. जॉर्जियाने 1993 मध्ये लॉटरीच्या पैशातून होप स्कॉलरशिप काढली, राज्यातल्या बऱ्या मार्कांच्या पोरांची फी सरकार भरणार. फ्लोरिडाने 1997 ला तसंच केलं, लुईझियानानेही त्याच सुमारास आपली योजना आणली. पोरांच्या शिक्षणासाठी चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यामुळे झालं काय की तिथल्या कोचला लोकल पोराला 25 टक्के दिले तरी बाकीची बरीचशी फी आपोआप भागायची, आणि ते पैसे 11.7 मध्ये धरले जायचे नाहीत. आमच्या कोचने 25 टक्के दिले की उरलेल्या 75 टक्क्यांसाठी बाप कर्ज काढायचा. कागदावर नियम एकच, खिशाला मात्र दोन. यात बर्फ कुठे आला?

त्यात पोरं शाळेत असतानाच ट्रॅव्हल टीम, शोकेस, प्रायव्हेट पिचिंग कोच, उन्हाळाभर जॉर्जिया आणि फ्लोरिडात हॉटेलं, कारण खेळाडू हेरणारे स्काउट तिथेच बसलेले असतात. आमच्याकडचा लाकूडतोड्याचा किंवा लॉबस्टरवाल्याचा पोरगा ते कुठून परवडवणार. आणि ज्याला परवडतं तो सोळाव्या वर्षीच बाहेरच्या राज्यातल्या शाळेत जातो, मग तो परत ओरोनोला कशाला येतोय.

बरं, तरी एखाद्या वर्षी चांगली टीम जमली समजा. तरी ओमाहाचा रस्ता किती अवघड केलाय बघा. 1999 पासून टूर्नामेंट 64 टीमची, आधी चार-चार टीमचे 16 रीजनल, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या पहिल्या फेऱ्या, मग सुपर रीजनल बेस्ट ऑफ थ्री, मग ओमाहा. 64 ऐकून वाटतं छोट्यांना संधी वाढली. कसली डोंबलाची संधी. अमेरिका ईस्ट या आमच्या कॉन्फरन्समधून, म्हणजे कॉलेजांच्या गटातून, बहुतेक वेळा एकच टीम जाते, कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकणारी. म्हणजे फेब्रुवारी ते मे राबा, आणि मे महिन्यातल्या तीन-चार दिवसांत एक पिचर आजारी पडला की संपलं वर्ष. तिकडे मोठ्या कॉन्फरन्सच्या टीम डझनभर मॅचेस हरून पण आत, वर होम ग्राउंडवर रीजनल खेळणार, आपल्याच गर्दीसमोर. 2019 पासून 2025 पर्यंत झालेल्या सगळ्या स्पर्धा, कोविडचं 2020 सोडून, एसईसी या दक्षिणेतल्या मोठ्या कॉन्फरन्सच्याच टीमनी जिंकल्यात. सहा सलग. याला स्पर्धा म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

आणि हो, "मग न्यूयॉर्कची स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटी ओमाहाला कशी गेली" हे पण ऐकवतात मला. गेली ना, 2012 ला, बॅटन रूजला जाऊन एलएसयूला, म्हणजे लुईझियाना स्टेटला, त्यांच्याच घरात हरवून गेली, मी त्या दिवशी सोफ्यावर उड्या मारत होतो, आणि ती आमच्याच कॉन्फरन्समधली. ईशान्येकडून ओमाहाला टीम पोचली ती तब्बल 1986 च्या मेननंतर, म्हणजे 26 वर्षांनी. 26 वर्षांत एक! आणि ती स्टोनी ब्रूक पण 2022 ला ही कॉन्फरन्स सोडून दुसरीकडे गेली. म्हणजे उदाहरण देता तेच पळून गेलेलं.

शेजारी तर शिल्लकच नाहीत. न्यू हॅम्पशायरने 1997 ला बेसबॉल बंद केला. प्रॉव्हिडन्सने 1999 ला, आणि त्या पोरांनी शेवटच्या सीझनमध्ये बिग ईस्ट ही त्यांची कॉन्फरन्स जिंकून दाखवली, तरी बंद. व्हरमाँटने 2009 ला. हार्टफर्डने तर अख्खं डिव्हिजन वनच सोडलं. आता आमच्या टीमने राइव्हलरी करायची कुणाशी? कॉन्फरन्समध्ये आता एक टीम बाल्टिमोरकडची, एक न्यू जर्सीची. चांगल्या टीम आहेत, वाईट म्हणत नाही, पण बँगोरच्या माणसाला न्यू जर्सीच्या इंजिनिअरिंग कॉलेजविरुद्ध रक्त उसळत नाही हो. व्हरमाँटविरुद्ध उसळायचं.

एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी महॅनी डायमंडला, म्हणजे ओरोनोच्या बेसबॉल मैदानावर, या कधी. डबलहेडर असतो, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅचेस, कारण आदल्या दिवशीची मॅच पावसाने किंवा थंडीने गेलेली असते. अॅल्युमिनियमचे बाक, बसलं की गारवा थेट हाडात. कुंपणापलीकडे प्लाउने लोटलेल्या बर्फाचा ढिगारा अजून असतो, काळा पडलेला, वरून खडी चिकटलेली. पिचर दर बॉलआधी हातावर फुंकर मारतो, बॅटरला हँडलच्या अगदी जवळ बॉल लागला की त्याचे हात झिणझिणलेले आपल्याला स्टँडमधून दिसतात, तो बॅट काखेत धरून हात झटकत पहिल्या बेसकडे धावतो. आणि बघायला कोण, तर पोरांचे आईबाप ब्लँकेटं घेऊन, चार रिटायर्ड माणसं स्कोअरबुक भरत, आणि माझ्यासारखे एक-दोन येडे. त्या रिटायर्ड लोकांपैकी एक आजोबा आहेत, 1976 पासूनचं सगळं पाठ, कुठल्या इनिंगला कोणी बंट केला ते सांगतात. आणि पलीकडच्या रस्त्याने विद्यार्थी हेडफोन घालून चाललेत, इथे मॅच चालू आहे हे त्यांना माहीतसुद्धा नाही. हे बघितलं की जीव जळतो.

हॉकीची, म्हणजे आइस हॉकीची, गोष्ट वेगळी आहे. हॉकी इथे धर्म आहे, 1993 आणि 1999 ची नॅशनल चॅम्पियनशिप, अॅल्फंड अरेना भरलेला. माझा हॉकीवर अजिबात राग नाही, मी पण जातो, घसा बसेपर्यंत ओरडतो. 2020 मध्ये त्या अॅल्फंड फाउंडेशनने युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्ससाठी 9 कोटी डॉलर जाहीर केले, त्यांचे उपकारच आहेत. पण बिल्डिंगा उभ्या राहतील, लाइट लागतील, लॉकर रूम चकाचक होईल, आणि पोरगा? पोरगा राहील का?

कारण आता पोर्टल आलंय ना. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. 2018 ला सुरू झालं, 2021 पासून एकदा कॉलेज बदलायला वर्षभर घरी बसायची गरज नाही, 2024 पासून तर कितीही वेळा बदला. पोरांना मी दोष देत नाही, कोणीही जाईल, मी पण गेलो असतो. कोच बदलू शकतो तर पोराने का नाही बदलायचं. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. शाळेत कोणी न विचारलेला पोरगा ओरोनोला येतो, दोन वर्षं थंडीत कुडकुडत स्विंग सुधारतो, कॉन्फरन्सच्या फर्स्ट टीममध्ये येतो, आणि जूनमध्ये दक्षिणेतली एखादी मोठी युनिव्हर्सिटी त्याला उचलून नेते, आणि 2021 पासून एनआयएलमुळे, म्हणजे खेळाडूला आपल्या नावावर कमवायची मुभा मिळाल्यामुळे, वर पैसे पण मिळतात. म्हणजे आम्ही वाढवायचं आणि त्यांनी न्यायचं, फुकटात, साधी ट्रान्सफर फी पण नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये निदान छोट्या क्लबच्या हातात काही पडतं तरी. आजचा बॉर्डिक तिसऱ्या वर्षी ओरोनोत दिसलाच नसता, फ्लोरिडात कुठेतरी असता.

आणि 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने ती हाउस सेटलमेंट, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड, मंजूर केली, त्यात सामील होणाऱ्यांसाठी 11.7 चा नियमच उडाला, आता 34 खेळाडूंची मर्यादा, आणि ज्याच्याकडे पैसे असतील त्याने 34 च्या 34 जणांना फुल स्कॉलरशिप द्यावी. वर मोठ्या युनिव्हर्सिटींनी पहिल्या वर्षी जवळजवळ 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटावेत. इतकी वर्षं त्या पॉइंट सातला शिव्या घातल्या, आता वाटतं निदान वरती झाकण तरी होतं. मोठ्यांना 34, आणि आमच्यासारख्यांनी आहे त्यात भागवायचं, वर सुरुवातीचे सगळे वीकेंड बाहेर. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पोरं विमानात, बसमध्ये, विमानतळाच्या बाकावर लॅपटॉप उघडून असाइनमेंट करतायत. जानेवारीत वाढलेली फी भरून.

एवढं सगळं असून 2023 ला या पोरांनी कॉन्फरन्स जिंकली, मायामीला कोरल गेबल्सच्या रीजनलला गेली. तिथून पुढे गेली नाही, पण गेली तरी. म्हणजे जीव आहे अजून या टीममध्ये, कोच राबतो, पोरं राबतात. म्हणूनच तर जास्त राग येतो. टीम मेलेली असती तर मी पण हॉकीचं तिकीट काढून गप्प बसलो असतो. आणि ज्या दिवशी जिंकले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता, मी सांगितलं तर एक जण म्हणाला, अच्छा, आपली बेसबॉल टीम आहे?

तर यापुढे कोणी बर्फ म्हणालं तर मी त्याला आधी होप स्कॉलरशिपचं विचारणार, मग पोर्टलचं, आणि मग एप्रिलमध्ये माझ्याबरोबर त्या अॅल्युमिनियमच्या बाकावर दोन्ही मॅचेस बसवणार. मला माहितीये एकही जण येणार नाही, कारण आमच्या इथे थंडी असते ना!