पाटे बसले

आमच्या पिकअपचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी कमानदार पट्ट्या, बसलेत आणि बूड खाली गेलंय हे मला सगळ्यात शेवटी कळलं. आधी कळलं ते दिवे घाटात समोरून येणाऱ्यांना. माझा नर्सरीचा धंदा; सासवडकडून पोयटा नि शेणखत भरून रात्री घाट उतरायला लागलो की जो तो अप्पर-डिप्पर मारायचा, काचेतून हात बाहेर काढून काहीतरी बोलायचा. दिवा तर मी लोवरच ठेवलेला! पण गाडी मागून बसली की तोंड आपोआप वर होतं, आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत. घाटाच्या नावाला जागत होतो म्हणायचं.

सोसायटीतल्या काकांनी कुणी न विचारता निदान केलं. "वजन जास्त होतंय." हे म्हणताना ते गाडीकडे बघत नव्हते.

बायकोची शिवणाची टेप घेऊन रिकाम्या गाडीचं चाक ते मडगार्ड अंतर मोजलं. उजवीकडे चार बोटं, डावीकडे जेमतेम दोन. (टेप फाटकी निघाली, म्हणून बोटं.)

नाना पेठेत एकाने एका मिस्त्रीचा पत्ता दिला. मिस्त्रींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, वाकून बघितलं आणि तीन रस्ते सांगितले. आहेत तेच पाटे भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा कमान द्यायची. स्वस्त, पण वर्षभरात परत बसले तर ओरडायचं नाही. किंवा एक पाटा वाढवायचा. किंवा सेटच नवा.

"आधी खोलून तर बघा," मी म्हणालो. फार हुशारीचं वाटलं होतं तेव्हा.

पाटे आसाला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले. पान्याला लांब पाइप अडकवून दोघं लटकले, एक नट सुटला, दुसरा बोल्टासकट तुटला. "यू-बोल्ट नवेच घालायचे असतात," मिस्त्री शांतपणे म्हणाले. मग जुडी शिकंज्यात आवळून सेंटर बोल्ट काढला, शिकंजा हळूहळू सैल केला आणि पाटे वेगळे झाले. मधे माझाच पोयटा, चांगला चाळलेला. आणि डावीकडचा तिसरा पाटा बोल्टाच्या भोकापाशी दोन तुकडे! तुटलेल्या तोंडावर बराचसा गंज, कडेला नखाएवढी जागा तेवढी चकचकीत.

"महिनोन् महिने फाटत आलाय हा. डाव्या बाजूलाच काय भरता?"

कुंड्या फुटू नयेत म्हणून उजवीकडे गवतात, पोती सगळी डावीकडे. मांडणी माझीच. मी विषय बदलून चहा मागवला.

नवा सेट आणि वर एक जादा पाटा, दोन्ही बाजूंना. जादाचा हट्ट माझा. मिस्त्री नको म्हणत होते. "500 किलोमीटर झाले की नट आवळून घ्या," एवढं सांगून त्यांनी हात पुसले.

गाडीचं बूड असं वर आलं की काय सांगू! पण रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर मला छतापर्यंत पोचवू लागली. तिसऱ्या दिवशी रिकाम्या कुंड्यांपैकी पाच फुटल्या, त्याही उजवीकडच्या.

मिस्त्रींकडे गेलो. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"वजनाशिवाय हे पाटे वाकणारच नाहीत, शेठ. दोन पोती माती कायम टाकून ठेवा. मधोमध."

संध्याकाळी पार्किंगमध्ये पोती सरळ करत होतो, तर काका आलेच.

"अजून भरताच का?"