विषय काढायलाच हवा: ‘खचलेल्या माणसाशी कसं वागावं’ या मेसेजचा प्रतिवाद

‘खचलेल्या माणसाशी कसं वागावं’ अशा मथळ्याचा एक मेसेज वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेला विचार डोक्यात येईल. जो बोलून दाखवतो, तो करत नाही. ज्याने ठरवलंय, त्याला कोणी अडवू शकत नाही. त्याला चार चांगल्या गोष्टी सांगा आणि ‘असं काही करणार नाही’ असं वचन घ्या. तो शांत झाला की संकट टळलं. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण ज्या वेळी कोणीतरी जवळ बसायला हवं, नेमकं त्याच वेळी हे पाचही सल्ले त्या माणसाला एकटं पाडतात.

‘विषय काढला की विचार डोक्यात येतो’

सगळ्यांत जास्त नुकसान ही भीती करते, म्हणून इथे जरा थांबू. ती तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात अर्ध्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढलेली नव्हती. उलट, आधीच नैराश्यात असलेली मुलं विचारल्यानंतर कमी अस्वस्थ दिसली, आणि पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार कमी दिसले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. असा विचार बहुतेक वेळा कित्येक दिवस मनात घोळत असतो आणि त्याची लाजही वाटत असते. कोणी नाव घेऊन विचारलं, की हे बोललं तरी चालतं, एवढं त्या माणसाला कळतं.

मात्र कसं विचारतो, याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे सहज तोंडात येतं ते वाक्य असं: ‘काही बरंवाईट करायचा विचार नाही ना तुझा?’ त्यातल्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. समोरचा ‘छे, नाही’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी जे दिसलं ते आधी सांगा आणि मग सरळ विचारा: ‘आठवडाभर तू नीट जेवत नाहीस, रात्री जागा असतोस. परवा म्हणालास, माझं सगळ्यांना ओझं झालंय. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारताना इतर माणसं आसपास नसावीत, फोन बाजूला ठेवावा, आणि निघायची घाई असेल तेव्हा हा प्रश्न काढूच नये. विचारल्यावर गप्प राहा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता फार लांब वाटते. ती भरून काढायला आपणच बोलायला लागतो आणि उत्तर आतच राहतं.

उत्तर ‘हो’ आलं, तर उपदेश करू नका, दचकल्याचंही दाखवू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं पुरे. मग एकेक करून विचारा: कधीपासून वाटतंय? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का? दिवस किंवा वेळ ठरली आहे का? आधी कधी प्रयत्न केला होता का? दारू किंवा नशा चालू आहे का? मार्ग, साधन आणि वेळ ठरलेली असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या किंवा आपत्कालीन मदत बोलवा. हातात शस्त्र असेल, तर हिसकावायला जाऊ नका. अंतर ठेवा आणि मदत मागवा. मरायला सांगणारे आवाज ऐकू येत असतील, तर ते खरे की खोटे यावर वाद घालू नका. तीही तातडीचीच वेळ आहे. विचार आहेत, पण योजना नाही, असं असेल तर एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. वेळ तुम्ही घ्या आणि सोबत जा. उत्तर ‘नाही’ आलं, तर उलटतपासणी करू नका. चार दिवसांनी पुन्हा विचारा.

‘कोणाला सांगू नकोस’ अशी अट हमखास येते. ती मान्य करू नका. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी हे एकट्याकडे ठेवणार नाही, पण कोणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू’, असं सांगता येतं.

‘बोलणारा करत नाही’ आणि ‘ठरवलेला थांबत नाही’

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. बोलणाऱ्याला मदतीची गरज नाही आणि न बोलणाऱ्याला मदतीचा उपयोग नाही, असा त्यांचा एकत्र अर्थ होतो. म्हणजे जवळच्या माणसांना करण्यासारखं काही उरतच नाही!

पहिलं चुकीचं आहे, कारण प्रयत्न करणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कोणाला तरी ते सुचवलेलं असतं, कधी स्पष्ट, कधी ‘आता फार दिवस त्रास देणार नाही’ अशा आडवळणाने. त्यावर ‘नाटकं करू नकोस’ हे उत्तर मिळालं, की पुढच्या वेळी तो सांगत नाही.

दुसरं चुकीचं आहे, कारण टोकाची ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येपासून अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा संशोधक रिचर्ड सायडन यांनी मागोवा घेतला. १९७८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे ९४ टक्के लोक हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ साली सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, आणि २००५ पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. लाट असेपर्यंत साधन हाताशी नसणं, यानेच जीव वाचतात.

म्हणून घरातलं काम असं: जुन्या, उरलेल्या औषधांच्या पट्ट्या आजच घराबाहेर काढा. चालू औषधं एका माणसाच्या ताब्यात ठेवा आणि डॉक्टरांना एका वेळी थोड्याच दिवसांची लिहून द्यायला सांगा. बाकी घातक वस्तू कपाटात कुलूपबंद करण्यापेक्षा काही आठवडे दुसऱ्या घरी ठेवणं चांगलं. किल्ली कुठे असते, हे घरातल्या माणसाला माहीत असतं. दारू घरात नको, ती संयम सैल करते. हे लपूनछपून करू नका. ‘अवघड दिवस सरेपर्यंत हे दूर ठेवूया’ असं सांगून करा. तातडीचा धोका असेल, तर मात्र परवानगीची वाट पाहू नका.

‘वचन घ्या, चांगलं बोला’

वचनाने मन शांत होतं ते घेणाऱ्याचं. अशा वचनांनी आत्महत्या टळतात, याला पुरावा नाही. आणि वचन दिलेला माणूस पुढची लाट आली की सांगायला कचरतो, कारण आता शब्द मोडल्याचाही अपराध माथी येतो. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्यही तसंच. सगळं असून मला जगता येत नाही, म्हणजे दोष माझाच, असं त्याला ऐकू येतं.

वचनाऐवजी एका कागदावर सुरक्षा-आराखडा लिहा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेल्या या आराखड्यात सहा भाग असतात: लाट येण्याआधीची स्वतःची लक्षणं, एकट्याने करता येण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे उघडपणे मदत मागता येईल ती माणसं, डॉक्टर आणि आपत्कालीन सेवेचे क्रमांक, घर सुरक्षित करण्याची पावलं. शब्द त्या माणसाचेच हवेत. आपणच भरून दिलेला कागद खणात पडून राहतो. ‘फिरायला जाणे’ असं मोघम नको. कुठे, किती वाजता आणि पाऊस असेल तर काय, इथपर्यंत लिहा. शेवटी विचारा, ‘यातलं कोणतं तुला जमणार नाही असं वाटतं?’ आणि ते बदला.

‘शांत झाला म्हणजे सुटला’

आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस कारण नसताना एकदम निवांत झाला, आवडत्या वस्तू वाटू लागला, हिशेब मिटवू लागला, तर ती वेळ पुन्हा प्रश्न विचारायची आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांनी झोप आणि अंगातली ताकद आधी सुधारू शकते, मन हलकं व्हायला त्याहून काही आठवडे जास्त लागतात. म्हणून औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे, विशेषतः वय पंचविशीच्या आत असेल तर, लक्ष जास्त हवं. औषध मधेच बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बदल दिसला तर डॉक्टरांना कळवा.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पुढचे तीन महिने सर्वांत नाजूक असतात. नातेवाईक मात्र चौथ्या दिवशी पांगतात. दोन-तीन जणांनी वार वाटून घ्यावेत. एकाच माणसाने रात्रंदिवस पहारा दिला, तर आठवड्याभरात तोच कोसळतो. मेसेजमध्ये काय लिहायचं सुचत नसेल, तर हे पुरतं: ‘आज तुझी आठवण आली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. शनिवारी येतोय.’ आणि शनिवारी जा.