भात बाजूला सारला म्हणजे लो-कार्ब झालं?

गेले काही महिने एक संदेश या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. बाहेर जेवायला गेल्यावर लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचं (कार्बचं), कसं खायचं, याचे सोपे नियम त्यात दिले आहेत. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: भात, पाव आणि बटाटा ताटातून काढला की उरलेलं सगळं लो-कार्ब. सूप आणि सॅलड डोळे मिटून मागवावं. मेनूवर ‘शुगर-फ्री’ किंवा ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलं असेल तर बिनधास्त खावं. कार्ब नसले की किती खाल्लं याची चिंता नको. मधुमेह असणाऱ्यांनी तर आजपासूनच सुरू करावं, कारण कार्बच नाहीत तर साखर वाढणार कुठून? आणि शेवटी एक तंबी: एकदा जरी चुकलात तरी आठवड्याची मेहनत पाण्यात.

मला हा संदेश चार जणांनी पाठवला. चौघांनीही मायेपोटीच पाठवला. मला टाइप २ मधुमेह आहे आणि कामामुळे आठवड्यातून चार-पाच वेळा बाहेर जेवावं लागतं, हे त्यांना माहीत आहे. लो-कार्बला माझा विरोध मुळीच नाही. सहा वर्षं मी स्वतः तसंच खाते आहे आणि मला त्याचा गुण आला आहे. पण या संदेशातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर उरलेलं अर्धं खपून जातं. ते उरलेलं अर्धं काही जणांना चांगलंच महागात पडू शकतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मोजमाप. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं खाण्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात, आणि २० ते ५० ग्रॅम म्हणजे अगदी कडक पथ्य. म्हणजे एका जेवणाच्या वाट्याला फार तर तीस-चाळीस ग्रॅम येतात, कडक पथ्य असेल तर दहा-पंधराच. पुढचे आकडे वाचताना हे लक्षात असू द्या.

आता पहिला मुद्दा. भात, पाव, बटाटा काढला की मोठा भार उतरतो, हे खरंच आहे. एक कप शिजलेल्या भातात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पावाच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५. ते सोडलं की निम्मी लढाई जिंकली, यात वाद नाही. वाद आहे तो ‘उरलेलं सगळं’ या दोन शब्दांशी.

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. मी ग्रिल्ड चिकन आणि परतलेल्या भाज्या मागवल्या होत्या. भात नको, पाव नको, बटाट्याऐवजी जास्तीच्या भाज्या द्या, असं आवर्जून सांगितलं. संदेशातल्या नियमाने पाहिलं तर ताटात खोट काढायला जागा नव्हती. जेवणाआधी रक्तातली साखर मोजणाऱ्या मीटरवर ११८ (मिग्रॅ/डेसिलिटर) होते, दोन तासांनी २१४. मला वाटलं मीटरच बिघडला. हात धुऊन परत बोट टोचलं, तरी आकडा तिथेच. मग ते ताट डोळ्यांसमोर आणलं. चिकनवर एक गडद तपकिरी चकाकी होती. काट्याने तुकडा उचलला की खाली तार सुटत होती, आणि बोटाला लागलेलं रुमालाने पुसूनही चिकट राहिलं होतं. पुढच्या खेपेला तिथेच गेले आणि वेटरला विचारलं, “यात साखर घालता का?” तो अगदी मनापासून म्हणाला, “नाही मॅडम, साखर अजिबात नसते.” मी म्हटलं, “मग ते एवढं चिकट कशाने होतं?” तो आत जाऊन आला. “मध घालतात मॅडम, आणि केचप. घट्ट यायला थोडं कॉर्नफ्लोअर.”

तो खोटं बोलला नव्हता. साखर म्हणजे डब्यातली पांढरी साखर, हेच त्याच्या मनात होतं. पण एक मोठा चमचा मध म्हणजे १७ ग्रॅम कर्बोदकं, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर म्हणजे सात आणि तेवढंच केचप म्हणजे चार-पाच. सॉसचा हात जरा सैल असला की कडक पथ्यवाल्याचा अख्ख्या जेवणाचा वाटा त्या चकाकीतच संपतो.

तेव्हापासून मी साखरेचं विचारणं सोडून दिलं. दोन प्रश्न विचारते: हा सॉस घट्ट कशाने केला आहे? आणि शिजवण्याआधी वरून काही लावलं आहे का? दुसऱ्या प्रश्नाला कधी कधी थक्क करणारी उत्तरं मिळतात. मोठ्या आचेवर परतलेलं मांस मऊ राहावं म्हणून आधी कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवण्याची पद्धत आहे. मीटबॉलमध्ये ब्रेडचा चुरा असतो. खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या कांड्यांमध्ये बहुतेक वेळा खेकडा नसतोच, माशाचा लगदा, स्टार्च आणि साखर असते. ऑम्लेट फुगावं म्हणून अंड्यात पॅनकेकचं पीठ मिसळणारी स्वयंपाकघरंही आहेत. मेनूवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे पदार्थाचं नाव असतं, कृती नसते.

आणि हो, मका, मटार, चणे, मसूर हे काही भात-पाव-बटाट्यात मोडत नाहीत. पण शिजलेल्या १०० ग्रॅम चण्यांत सुमारे २७ ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यात सातेक ग्रॅम तंतू असतो, म्हणून ते पांढऱ्या पावापेक्षा कितीतरी बरे. तरी हिशेबात धरावेच लागतात.

सूप आणि सॅलड डोळे मिटून मागवा, असं संदेश म्हणतो. माझं म्हणणं, नेमके तिथेच डोळे उघडे ठेवा. दाट, मलईदार सूप नुसत्या मलईने दाट होत नाही. बऱ्याचदा त्यात लोण्यावर परतलेला मैदा असतो, नाहीतर उकडून वाटलेला बटाटा. म्हणजे तळलेला बटाटा नाकारायचा आणि तोच वाटीतून प्यायचा. पातळ, पारदर्शक सूप त्या मानाने निर्धोक. सॅलडचं तर काय सांगावं! पानं, काकडी, टोमॅटो यांनी काही बिघडत नाही, बिघडतं ते वर भुरभुरलेल्या ऐवजाने. एक लहान मूठ मनुका, साधारण २८ ग्रॅम, म्हणजे २२ ग्रॅम कर्बोदकं. त्यावर कुरकुरीत पावाचे तुकडे, साखरेत घोळवलेले अक्रोड, मक्याचे दाणे आणि मध-मोहरीचं ड्रेसिंग. ‘फॅट-फ्री’ ड्रेसिंग दिसलं तर आणखी सावध व्हा. तेल काढलं की चव जाते, आणि ती परत आणायला साखर घालतात. मी ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागते, किंवा सरळ ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

‘शुगर-फ्री’ आणि ‘ग्लुटेन-फ्री’ ही दोन लेबलं संदेशाने एकाच दावणीला बांधली आहेत. त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि लो-कार्बशी तर नाहीच नाही. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन आहे. ते टाळायला गव्हाच्या जागी तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च किंवा टॅपिओका वापरतात, आणि हे सगळे निव्वळ कर्बोदकांचे साठे. ‘फुलकोबीचा पिझ्झा’ म्हणून जो मिळतो, त्याच्या बेसमध्येही बहुधा यांपैकी काहीतरी असतं, नाहीतर तो एकसंध राहतच नाही. शुगर-फ्री केकमधला मैदा कुठे जात नाही. साखरेऐवजी माल्टिटॉल घातलेलं असेल तर त्यानेही रक्तातली साखर वाढतेच. साखरेपेक्षा कमी, एवढंच. जास्त खाल्लं तर पोट कुरकुरतं ते वेगळं. एरिथ्रिटॉलचं तसं नाही, त्याने साखर जवळजवळ हलत नाही. म्हणून ‘शुगर-फ्री आहे का’ यापेक्षा ‘गोडी कशाची आहे’ हे विचारावं. फळांचा रस ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी पुढे केला तर एवढंच आठवा: एक पेला संत्र्याच्या रसात सुमारे २६ ग्रॅम कर्बोदकं असतात.

कार्ब नसले की कितीही खा, हे म्हणणं मला पूर्वी पटायचं. आता पटत नाही. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कमी चरबीचा आहार घेतला, निम्म्यांनी कमी कर्बोदकांचा. सरासरी वजन उतरलं अनुक्रमे ५.३ आणि ६ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. लो-कार्बने वजन उतरतं, पण त्याला प्रमाणातून सूट मिळालेली नाही. एक ग्रॅम चरबी म्हणजे नऊ कॅलरी, आणि रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात लोणी नि तेल घरच्यापेक्षा सढळ हाताने पडतं. भूक भागली की थांबायचं, हा साधा नियम तिथेही लागू आहे.

उरले दोन मुद्दे. ते उलट्या क्रमाने घेते, कारण मधुमेहाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

एकदा चुकलात तर सगळं पाण्यात, ही तंबी मला क्रूर वाटते. माणसं तिला घाबरून मित्रांबरोबर बाहेर जायचंच बंद करतात, नाहीतर एक घास चुकला म्हणून त्या दिवशी सगळंच सोडून देतात. दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा किलो-दीड किलोने वर जातो तो चरबीने नाही. कर्बोदकं पोटात गेली की शरीर त्यातली काही ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाणीच ते, पुन्हा नेहमीचं खाणं सुरू झालं की दोन-चार दिवसांत उतरतं.

शिवाय कर्बोदकं खावीच लागणार असतील तर क्रमही मदत करतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१५ साली टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग केला. जेवण तेच: चिकन, भाज्या, पाव आणि संत्र्याचा रस. एकदा पाव आणि रस आधी दिला, दुसऱ्यांदा चिकन-भाज्या आधी आणि पाव-रस पंधरा मिनिटांनी. दुसऱ्या क्रमाने जेवल्यावर एका तासाने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्के कमी होती. अकराच माणसं, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. पण माझ्या मीटरने मला हेच दाखवलं आहे. म्हणून पावाची टोपली आल्या आल्या मी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवते, आणि घ्यावासा वाटला तर शेवटी अर्धा तुकडा घेते.

आता मधुमेह. कार्ब नाहीत तर साखर वाढणार नाही, म्हणून बेधडक सुरू करा, हा या संदेशातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. साखर वाढणार नाही हे बरंचसं बरोबर. पण ती खाली किती जाईल, हा प्रश्न तो लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही.

माझा दादा जेवणाआधी इन्सुलिन घेतो. हा संदेश वाचून एकदा त्याने बाहेर जेवताना नुसता मासा आणि हिरव्या भाज्या मागवल्या, आणि इन्सुलिन मात्र रोजच्याइतकंच घेतलं. रोजचा डोस रोजच्या पाव-भातासाठी होता, आणि पाव-भात त्या दिवशी ताटात नव्हताच. अर्ध्या-पाऊण तासाने बोलता बोलता त्याची वाक्यं अर्धवट राहायला लागली. कपाळावर घाम, काटा धरलेला हात थरथरत होता. मी विचारलं, “दादा, काय होतंय?” तर म्हणाला, “काही नाही गं, उकडतंय जरा.” एसी सुरू होता. मीटर लावला, ५४. कॉफीसाठी टेबलावर ठेवलेल्या साखरेच्या पुड्यांपैकी चार फोडून पाण्यात ढवळल्या आणि त्याला प्यायला लावल्या. पंधरा मिनिटांनी ८१ झाले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं, हे ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्या प्रत्येकाला पाठ हवं.

साखर अशी खाली जाण्याचा धोका इन्सुलिनसारखाच ग्लिमेपिराइडच्या जातीच्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही असतो. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फारच कमी. बरोबर दारू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं, आणि कधी कधी हे घरी जाऊन झोपल्यावर होतं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. या गोळ्यांवर असताना कर्बोदकं एकदम फार कमी केली तर रक्तात किटोनचं (चरबी जळताना तयार होणारं) आम्ल साठू शकतं, आणि मीटरवरचा आकडा फारसा चढलेला नसतानाही हे होऊ शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. म्हणून औषधं सुरू असतील तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि त्यांना न विचारता गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

दादाने लो-कार्ब सोडलेलं नाही. त्याने डॉक्टरांकडून ताटातल्या कर्बोदकांनुसार डोस ठरवून घेतला. आता बाहेर जेवायला बसलो की इन्सुलिनचं पेन खिशातच राहतं. ताट समोर येतं, सॉस कशाने घट्ट केलाय ते मी विचारते, तो मनातल्या मनात बेरीज करतो, आणि मगच पेन बाहेर काढतो.