एका फेरीत सगळं

गाडीतलं सामान दोन फेऱ्यांत वर नेणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांची अंडी शाबूत राहतात, चेहरे शांत असतात, आणि जिना चढताना ती चक्क गप्पा मारतात. मला मात्र सगळं एकाच फेरीत न्यायचं असतं. कोणी बघत नसलं तरी.

सुरुवात सोपी असते. पिशव्यांचे बंद चार बोटांत अडकवले की हाताचा आकडा तयार होतो. या पकडीत अंगठ्याला काहीही काम नसतं. बढती मिळालेल्या साहेबासारखा तो बाजूला उभा राहून नुसता देखरेख करतो. पहिल्या मजल्यावर बंद कातडीत रुततात, दुसऱ्यावर बोटं पांढरी पडतात. गंमत म्हणजे बोटांमध्ये बोटं वाकवणारा एकही स्नायू नसतो. जोर लावणारे स्नायू कोपराखाली आणि तळहातात बसलेले असतात आणि तिथून कंडरांनी बोटं खेचतात. दुखायची जबाबदारी मात्र बोटांची.

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने १९५६ मध्ये हाताच्या पकडींची दोन मुख्य गटांत विभागणी केली: ताकदीची आणि नेमकेपणाची. हातोडा आपण तळहातात आवळून धरतो, सुई अंगठा आणि बोटांच्या टोकांत. पण वस्तूच्या आकारावरून पकड ठरत नाही, तिचं काय करायचं आहे यावरून ठरते. बरणीचं झाकण घट्ट असेपर्यंत ताकदीने धरायचं, सैल झालं की तेच झाकण बोटांच्या टोकांनी फिरवायचं. पुढे इतरांनी हे वर्गीकरण इतकं बारीक केलं, की २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका यादीत एका हाताच्या पकडी ३३ भरल्या. ती यादी मी मन लावून वाचली. तिच्यात हनुवटी नाही. दातही नाहीत. यादी करणारे बहुधा दोन फेऱ्यांवाले असावेत.

कारण दारासमोर पोचतो तेव्हा माझी अवस्था अशी असते: उजव्या हातात पिशव्या, डाव्या हातात कॉफीचा कागदी कप, डाव्या काखेत अंड्यांचा ट्रे, दातांत विजेचं बिल. आणि किल्ली उजव्या खिशात. किल्ली नेहमी भरलेल्या हाताच्याच बाजूला असते, याचं स्पष्टीकरण कुठल्याही शास्त्रात सापडत नाही.

किल्लीची पकड वेगळीच. अंगठ्याचं पेर तर्जनीच्या कडेवर दाबायचं. म्हणजे साहेबांना आता कामाला लावायचं, आणि पिशव्या उरलेल्या तीन बोटांकडे सोपवायच्या. तत्त्वतः हे जमतं. तर्जनी बऱ्यापैकी स्वतंत्र वृत्तीची असते. पण खिशात हात घालायचा म्हणजे मनगट आत वळवावं लागतं, आणि मनगट आत वळलं की मूठ सैल पडते, कारण बोटं मिटणाऱ्या स्नायूंना जोर लावायला पुरेशी लांबीच उरत नाही. विश्वास बसत नसेल तर मनगट पूर्ण आत वाकवून घट्ट मूठ आवळून बघा. तर किल्ली हाताला लागते त्याच क्षणी सगळ्यात जड पिशवी करंगळीवर येते.

डाव्या हाताचं मात्र कौतुक करायला हवं. वस्तू निसटणार नाही इतपत, आणि वर थोडासाच जादा, एवढाच दाब बोटं लावतात. कप जरा सरकला की एक दशांश सेकंदाच्या आत पकड आपोआप आवळली जाते. मला पत्ता लागायच्या आधीच. कागदी कपाच्या बाबतीत हीच तत्परता नडते. कप आवळला जातो, झाकण उडतं, आणि कॉफी बाहीतून कोपराकडे, म्हणजे थेट त्या स्नायूंकडे निघते.

अशा वेळी शेजारी हमखास दार उघडतात.

“मदत करू का?”

“न्हको, झम्तंय,” मी बिलाआडून म्हणतो.

ते दार लावून घेतात, पण पूर्ण नाही.

शेवटी काल बेलच वाजवली, कोपराने. बायकोने दार उघडलं, अंडी आधी काढून घेतली (माझी विचारपूस नंतर), आणि पिशव्या उतरवताच एक बरणी माझ्यासमोर धरली. “आलाच आहेस तर एवढं झाकण उघड. मघापासून हलत नाहीये.”

मी हात पुढे केला. बोटं अजून आकड्यातच होती. झाकणाभोवती ती पसरेनात, मग आवळणं तर दूरच. मी दोन्ही हात लावले, बरणी पोटाशी धरली, दात आवळले (बिल तिथेच होतं). झाकण ढिम्म.

तिने बरणी परत घेतली, चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घातलं आणि जरासं उचकटलं. हवा आत गेल्याचा टक्क आवाज झाला. मग तिने झाकण दोन बोटांनी फिरवून काढलं आणि म्हणाली, “तोंडातलं बिल दे. आज शेवटची तारीख आहे.”